शनिवारचा निरोप

सहावी ते आठवीच्या वर्गाचा आठवड्याचा निरोप शाळेकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पालकांच्या नावाने जातो, पण घरात तो आधी वाचतो बहुधा विद्यार्थीच. फोन वडिलांचा. ते कामावरून आले की फोन चार्जिंगला लागतो आणि तिथून मुलाच्या हातात जातो. आई स्वयंपाकात असते. "शाळेचं काय आलंय बघ रे," असं म्हटलं जातं आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोठ्याने वाचून दाखवतो. नको असेल ते गाळून. हे लक्षात घेतलं की निरोप किती लांब असावा, कोणत्या भाषेत असावा, त्यात काय घालावं, या सगळ्याचा हिशोब बदलतो.

पहिला बदल म्हणजे तक्रार निरोपातून बाहेर जाते. 'काही विद्यार्थी गृहपाठ करत नाहीत, पालकांनी लक्ष द्यावे' हे वाक्य सगळ्याच वर्गांच्या ग्रुपवर दिसतं आणि ते फुकट जातं. ज्याचा गृहपाठ झालेला नसतो तो ते वाचत नाही. ज्याचा झालेला असतो त्याच्या घरी मात्र उगाच चौकशी सुरू होते. नावानिशी लिहिणं तर आणखी वाईट. चाळीस घरांसमोर एका मुलाचं नाव घेणं हा मानसिक त्रासच आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेच्या बरोबरीने मानसिक छळालाही मनाई आहे. एका मुलाबद्दल बोलायचं तर त्याच्या घरी फोन करायचा. वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही. त्याच कायद्याचं कलम २४ शिक्षकावर पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती कळवण्याची जबाबदारी टाकतं. निरोप त्या बैठकीची जागा घेत नाही. पालक बैठकीला येतात तेव्हा त्यांना विषयाची थोडी ओळख असते, एवढाच त्याचा उपयोग. तोही कमी नाही.

उच्च प्राथमिक वर्गांना वर्षाला २२० दिवस शाळा भरवण्याचं बंधन आहे. सहा दिवसांच्या आठवड्याने भागलं तर साधारण ३६ निरोप होतात. छत्तीस वेळा काहीतरी लिहायचं म्हटलं की पहिल्या चार-पाच आठवड्यांत उत्साहाने लांबलचक मजकूर होतो, ऑगस्टमध्ये तो पातळ होतो आणि सहामाहीनंतर बंद पडतो. बंद पडण्याचं कारण आळस नसतं. सगळा मजकूर शुक्रवारी रात्री एकट्या वर्गशिक्षकाने आठवून लिहायचा, अशी पद्धत असली की ती टिकत नाही. पाचवीपर्यंत बरेच विषय एकाच शिक्षकाकडे असतात, सहावीपासून पाच-सहा जण वर्गात येऊन जातात. वर्गशिक्षकाला मराठीच्या तासाला काय झालं ते माहीत असतं, भूगोलाचं नसतं.

म्हणून कामाची सुरुवात सोमवारी होते. शिक्षकखोलीत वेळापत्रकाशेजारी वर्गाचा एक आडवा कागद टाचलेला असतो. उभे रकाने चारच: विषय, या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय लागेल, तारीख. प्रत्येक विषयशिक्षकाने गुरुवारच्या मोठ्या सुट्टीपर्यंत आपली ओळ भरायची. एकच ओळ. रिकामी राहिली तर तो विषय त्या आठवड्यात वगळायचा, मागे लागायचं नाही. दोन आठवडे वगळला गेला की पालकच विचारतात, 'विज्ञानाचं काही आलं नाही?' मग ओळ आपोआप भरली जाते.

या कागदाचा खरा फायदा निरोप लिहिण्याआधीच मिळतो. एकाच शनिवारी इतिहासाचा तक्ता, विज्ञानाची प्रतिकृती आणि इंग्रजीचा प्रकल्प असे तीन विषय मागून बसलेले असतात आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. कागदावर ते गुरुवारी दुपारी शेजारी-शेजारी दिसतात. आमच्याकडे नियम ठरला तो असा: आठवड्याला बाहेरून आणायच्या वस्तू जास्तीत जास्त दोन, आणि प्रकल्प एक. तिसरा आला तर तो पुढच्या आठवड्यात. कार्डशीट, स्केचपेन, गोंद यांचा खर्च किरकोळ वाटतो, पण घरात दोन शाळकरी भावंडं असली की महिन्याचा आकडा मोठा होतो आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. मूल 'विसरलो' म्हणतं आणि मार खातं किंवा शिक्षा भोगतं.

आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाची आठ साधनं सगळ्या शिक्षकांना पाठ असतात: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. सातवी-आठवीला आकारिकचं वजन ४० टक्के आणि संकलितचं, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचं, ६०. पालकांना यातलं काहीच माहीत नसतं. त्यांच्या लेखी परीक्षा म्हणजे सहामाही आणि वार्षिक. जूनमधल्या पहिल्या दोन निरोपांपैकी एकात हे साध्या शब्दांत सांगावं लागतं: वहीत रोज जे काम होतं त्याचेही गुण आहेत, आणि सातवीत ते शंभरात चाळीस आहेत. एवढं एक वाक्य. सगळी साधनं निरोपात उतरवली तर कोणी वाचत नाही.

शुक्रवारी वर्गशिक्षक कागद खाली काढून मजकूर लिहितो. इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं, कारण विषयशिक्षकांनी भरलेल्या ओळी टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या नियोजनवहीच्या भाषेत असतात. 'विद्यार्थी सरळव्याजावरील उदाहरणे सोडवितात.' 'भरती-ओहोटीची संकल्पना स्पष्ट करणे.' ही वाक्यं तपासणीच्या वहीत ठीक आहेत. घरी त्यांचा काही उपयोग नाही, कारण मुलाला ते येतंय की नाही हे पालकाने ओळखायचं कसं, हे त्यात नाही. सरळव्याजाची ओळ अशी करायची: 'पाच हजार रुपये दोन वर्षं ठेवले, दर आठ, तर व्याज आठशे रुपये. एवढं मुलाला करून दाखवता यायला हवं.' दहावी नापास बापही आता विचारू शकतो, आणि उत्तर बरोबर आहे का ते त्याला समोर लिहिलेलं दिसतं. उत्तर देणं महत्त्वाचं. उत्तर नसलेला प्रश्न पालक विचारत नाही. मुलासमोर अडकायची भीती त्यालाही असते.

२०२५ च्या नोव्हेंबरमधला एक निरोप पुढे पूर्ण देतो. सातवीचा आहे.

इयत्ता सातवी. शनिवार, २२ नोव्हेंबर.
आणायचं: सोमवारी आलेख वही. घरात जुनी, अर्धी उरलेली असेल तर तीच चालेल. बाकी काही विकत आणायचं नाही.
तारखा: बुधवार २६, संविधान दिन, शाळा नेहमीच्या वेळेला. गुरुवार २७, गणिताची चाचणी, २० गुण. शनिवार २९, पालकसभा, सकाळी ९ वाजता, अर्धा तास.
शिकलो: सरळव्याज. ५,००० रुपये, द.सा.द.शे. ८, दोन वर्षं, तर व्याज ८०० रुपये.
विचारा: बचत गटात 'शेकडा दोन' म्हणतात, ते पुस्तकाच्या भाषेत किती? (उत्तर: द.सा.द.शे. २४)
बघा: रविवार २३ पासून दत्तजयंतीपर्यंत रोज संध्याकाळी साडेसहाला चंद्र आकाशात कुठे आहे ते वहीत काढायचं. ढग असतील तर 'ढग' असं लिहायचं.
फोन: सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ६ ते ७.

मोठ्याने वाचायला एक मिनिटाच्या आसपास लागतो. यापेक्षा लांब झाला की व्हॉट्सअ‍ॅप मजकूर दुमडतं आणि 'पुढे वाचा' दाबायचे कष्ट फार थोडे जण घेतात. म्हणून आणायच्या वस्तू आणि तारखा वर, शिकवलेलं खाली. शिक्षकाला वाटतं शिकवणं आधी यावं. पण एखादी वस्तू आणायची राहिली तर सोमवारी सकाळी भांडण होतं. शिकलेलं वाचायचं राहिलं तर काही बिघडत नाही. क्रम त्यावरून.

'बाकी काही विकत आणायचं नाही' हे वाक्य दर वेळी लिहायचं, खरं असेल तेव्हा. नाहीतर मुलं निरोपाच्या आधाराने आणखी दोन वस्तू सांगतात. सातवीतली मुलं यात तरबेज असतात.

'शेकडा दोन'चा प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या जागी आधी वेगळा प्रश्न होता. 'घरातल्या कर्जावर व्याज किती आहे ते विचारून या', असं एका आठवड्याला गेलं. घराघरांत ताण झाला. कर्ज असलेल्या घरात मुलाने व्याज विचारणं, आणि तेही दुसऱ्या दिवशी वर्गात सांगण्यासाठी, हे कोणालाच नको असतं. बचत गटाचा दर सगळ्यांना माहीत असतो आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. शिवाय खरी गणिती अडचण तिथेच आहे: घरची भाषा दरमहा शेकड्याची, पुस्तकाची भाषा दर साल दर शेकड्याची. मूल 'शेकडा दोन' ऐकून सूत्रात दर २ घालतं आणि व्याज बारा पट कमी येतं. चाचणीत हीच चूक सर्वांत जास्त असते. घरच्यांनी एकदा 'महिन्याचा की वर्षाचा?' असं विचारलं की ती सुटते.

पासबुकाचंही तसंच. बँकेचा पाठ आला की 'पासबुक शाळेत आणा' असं सांगायचा मोह होतो. आणायला सांगू नये. खाते क्रमांक वर्गात फिरतो, शिल्लक शेजारचा वाचतो, आणि हरवलं तर बँकेच्या चकरा आईला माराव्या लागतात. घरीच जमा, नावे (काढलेली रक्कम), शिल्लक हे तीन रकाने बोट ठेवून बघायचे, आकडे वहीत उतरवायचे नाहीत. निरोपात तेवढं स्पष्ट लिहावं लागतं.

चंद्राचा धडा पुस्तकात पहिल्या सत्रात येतो. निरीक्षणही तेव्हाच सांगितलं तर पंधरा दिवसांतले बारा दिवस वहीत 'ढग' निघतात आणि उरलेले तीन दिवस मुलं अंदाजाने भरतात. म्हणून धडा जुलैत, निरीक्षण दिवाळीनंतर. त्या वर्षी कार्तिकी अमावास्या २० नोव्हेंबरला होती. २३ ला कोर पश्चिमेला खाली, २८ च्या आसपास अर्धा चंद्र दक्षिणेकडे उंच, आणि ४ डिसेंबरला, दत्तजयंतीला, त्याच वेळी पूर्ण बिंब पूर्वेला. वेळ एकच ठेवली की चंद्र रोज पूर्वेकडे सरकताना दिसतो. वेळ बदलली तर काहीच कळत नाही, म्हणून 'साडेसहा' हा शब्द निरोपात हवाच. आणि 'दत्तजयंतीपर्यंत' लिहिलं की घरातली आजी कामाला लागते. '४ डिसेंबरपर्यंत' लिहिलं असतं तर हे काम फक्त मुलाचं राहिलं असतं.

शब्दांचे असे छोटे निर्णय बरेच आहेत. 'उद्या' आणि 'परवा' निरोपात येऊ द्यायचे नाहीत. शनिवारी संध्याकाळी पाठवलेला मेसेज कोणी रविवारी दुपारी उघडतो, कोणी रिचार्ज संपला म्हणून मंगळवारी. त्याचा 'उद्या' वेगळा. वार आणि तारीख दोन्ही लिहायची, आणि दिनदर्शिका समोर ठेवून ताडायची, कारण वार एक आणि तारीख भलतीच ही चूक सगळ्यात जास्त होते आणि मग पंधरा फोन येतात. पाठवल्यावर लगेच लक्षात आलं तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज सुधारता येतो. नंतर नाही. मग चुकीचा सगळ्यांसाठी काढून टाकायचा आणि पूर्ण निरोप पुन्हा पाठवायचा. 'वरच्या मेसेजमध्ये बुधवारऐवजी गुरुवार वाचावे' असली दुरुस्ती पाठवली की अर्धी घरं एक वाचतात, अर्धी दुसरं.

'आपल्या पाल्याची' हा शब्द गेला तर बरं. घरात कोणी मुलाला पाल्य म्हणत नाही, आणि मूल हा शब्द वाचताना अडखळतं किंवा हसतं. 'मुलाने', 'मुलीने', नाहीतर सरळ 'मुलांनी'. 'आई-बाबांनी सही करावी' हेही नेहमी चालत नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं दिवाळीनंतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. फोन कारखान्याच्या फडावर बापाजवळ असतो आणि निरोप तिथे पोचतो, मूल इकडे. अशा घरांसाठी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या निरोपात एक प्रश्न विचारावा लागतो: 'नोव्हेंबर ते एप्रिल मूल कोणाजवळ असेल आणि त्यांचा नंबर काय?' नंबर ग्रुपवर टाकू नका, वर्गशिक्षकाला पाठवा, असंही लिहायचं. मग शेजारच्या घरातला, दुकानदाराचा, मामाचा, जो मिळेल तो नंबर यादीत जोडायचा.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांना एसएमएस. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, रोमनमध्ये १६०. काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक अक्षर धरली जाते, जोडाक्षरातला पाय मोडणंही. पुढे गेलं की एकाचे दोन एसएमएस होतात आणि दोन्हींचे पैसे पडतात. म्हणून वरचा निरोप असा होतो: 'सोमवार: आलेख वही. गुरुवार: गणित चाचणी. शनिवार: पालकसभा ९ वाजता.' मोकळ्या जागा धरून ६३. सात उरतात, त्यात काही कोंबू नये. रोमनमध्ये मराठी लिहून जास्त मजकूर घालण्याचा प्रयोग करून पाहिला तर वाचणाऱ्याला ते नीट लागत नाही, विशेषतः वयस्कर माणसाला.

वाचता न येणाऱ्या घरांसाठी व्हॉइस नोट, मजकुराच्या खालोखाल, सगळ्यांनाच. वेगळी यादी करून 'न वाचणाऱ्यांना' पाठवली तर ती यादी लपून राहत नाही. पंचेचाळीस सेकंदांत आटपायची. आधी वर्ग आणि तारीख बोलायची, मग वस्तू, मग वार. शिक्षकखोलीत रेकॉर्ड केली तर मागे घंटा, कपबश्या आणि कोणाचं तरी पगाराचं बोलणं येतं. रिकाम्या वर्गात, दार लावून करायची. मजकूर वाचून दाखवायचा नाही, सांगायचा. वाचल्यासारखी वाटली की लोक मध्येच थांबवतात.

पाठवायची वेळ गावावर ठरते. आमच्या भागात बाजार रविवारी, म्हणून निरोप शनिवारी संध्याकाळी सातला. बाजार गुरुवारी असेल तर बुधवारी पाठवा, भले आठवडा अर्धवट असो. आलेख वही गावातल्या दुकानात असतेच असं नाही. सोमवारी हवी असलेली वस्तू रविवारी रात्री नऊला कळवली तर ती येणार नाही, आणि दोष मुलाला दिला जाईल.

ग्रुपची मांडणी हा वेगळाच विषय आहे. साध्या ग्रुपवर निरोप टाकला की 'ओके सर', हात जोडलेली चित्रं, कोणाचा तरी सुप्रभात आणि एखादा फॉरवर्ड असे तीस मेसेज येतात, आणि निरोप शोधायला बोट दुखतं. शिवाय चाळीस आयांचे नंबर सगळ्यांना दिसतात, त्यातून नको ते फोन येतात. ब्रॉडकास्ट यादी केली तर नंबर लपतात, पण ज्याने शिक्षकाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला मेसेज जातच नाही, आणि पाठवणाऱ्याला ते कळत नाही. जूनमध्ये 'मेसेज आला नाही' म्हणणाऱ्या घरांत बहुधा हेच निघतं. पहिल्या पालकसभेत प्रत्येकाच्या फोनमध्ये नंबर तिथल्या तिथे साठवून घेणं हा त्यावरचा उपाय, दहा मिनिटांचा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटीतला घोषणांचा ग्रुप: तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आम्ही तिकडे वळलो. तोटा असा की प्रश्न विचारायची जागा बंद होते, म्हणून निरोपाच्या शेवटी फोनची वेळ. ती वेळ पाळली पाहिजे, आणि रात्री अकराला आलेल्या मेसेजला रात्री अकराला उत्तर द्यायचं नाही. एकदा दिलं की सगळे तेव्हाच विचारतात.

फोटो टाकावेत की नाही यावर शिक्षकखोलीत कायम वाद. पालकांना फोटो आवडतात, निरोपापेक्षा जास्त. पण तेरा वर्षांच्या मुलीचा नाचतानाचा फोटो चाळीस फोनांत गेला की पुढे तो कोणाच्या स्टेटसवर जाईल ते हातात राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. वहीचे, तक्त्याचे, प्रयोगाच्या मांडणीचे, हातांचे फोटो पुरेसे होतात. चेहरे नकोत, आणि वहीवरचं नाव झाकायचं.

गुणांची यादी तर कधीच नाही. पीडीएफसुद्धा नाही, 'फक्त आपल्या मुलाचे बघा' असं म्हणूनसुद्धा नाही.

वर्षातले काही निरोप वेगळे असतात. लोहाच्या निळ्या गोळ्या सुरू होण्याआधीचा निरोप हा सगळ्यांत कामाचा म्हणावा लागेल. सहावीपासूनच्या मुलामुलींना आठवड्याला एक गोळी असते. दोन गोष्टी आधी सांगितल्या नाहीत तर दुसऱ्याच आठवड्यात निम्मी मुलं गोळी खिशात ठेवून घरी नेतात: गोळी जेवल्यावरच घ्यायची, रिकाम्या पोटी मळमळतं, आणि शौचाला काळसर होतं, ते लोहामुळे, घाबरायचं नाही. ज्या दिवशी गोळी त्या दिवशी पोषण आहार नीट खा, हेही त्यात. जंतनाशकाची गोळी वर्षातून दोनदा असते, तिच्या आधीच्या शनिवारी 'मूल आजारी असेल किंवा औषध चालू असेल तर आधी कळवा' ही ओळ हवी. मुलींच्या पाळीविषयीच्या सत्राचा निरोप आईच्या नावाने, पण त्याच सर्वांच्या यादीवर, साध्या शब्दांत: कधी, कोण बोलणार, किती वेळ. हे कुजबुजत कळवलं की घरी अफवा आधी पोचते.

एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचंही असंच. परीक्षा आठवीत, पण सातवीचे गुण धरले जातात: ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. आठवीत फॉर्म भरायच्या वेळी हे सांगितलं तर सातवीचे गुण हातातून गेलेले असतात आणि उत्पन्नाचा दाखला काढायला सेतूत रांग असते. म्हणून हा निरोप सातवीच्या जानेवारीत जातो आणि आठवीच्या जूनमध्ये पुन्हा. दोनदा कळवूनही चार-पाच घरं राहतातच, त्यांना फोन.

पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचं बदललं आहे, हेही कित्येक घरांना ठाऊक नसतं. 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' हे डोक्यात पक्कं बसलंय. २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीतही नाही जमलं तर त्याच वर्गात राहावं लागू शकतं. आठवीच्या निरोपात हे घाबरवण्याच्या सुरात लिहू नये. मूलच वाचून दाखवणार आहे. 'वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं. मागे पडलेल्यांसाठी शनिवारी जादा तास आहे, ९ ते १०.' दोन वाक्यं, दुसऱ्यात करण्यासारखं काहीतरी.

निरोप पोचला की नाही हे निळ्या खुणांवरून ठरवू नये. खूण फोन उघडल्याची असते. आम्ही सोमवारी पहिल्या तासाला 'विचारा'मधला प्रश्न वर्गाला टाकतो: घरी काय उत्तर आलं? हात वर झाले की मोजायचे आणि आकडा त्या आठवड्याच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा. चाळीसांत बारा म्हणजे वाईट नाही. वीस झाले तर प्रश्न चांगला होता. दोन-तीनच हात आले तर बहुधा प्रश्नात उत्तर दिलेलं नव्हतं, किंवा तो आठवडा लग्नसराईचा होता. ज्याचा हात वर नाही त्याला काही म्हणायचं नाही. 'का नाही विचारलं' असं एकदा जरी म्हटलं तरी पुढच्या सोमवारी सगळे हात वर होतात आणि मोजणीला अर्थ उरत नाही.

एप्रिलअखेर छत्तीस निरोप छापून एका फायलीत लावायचे, मागच्या कोऱ्या बाजूला हातांची संख्या आणि चुका. पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकाला ती फाईल जूनमध्ये मिळते, आणि त्याचं निम्मं काम तारखा बदलण्याचं उरतं. फक्त सगळ्या तारखा सरळ वर्षभराने सरकत नाहीत. नोव्हेंबरच्या त्या पानामागे पेन्सिलीने नोंद आहे: '२०२६ ला अधिक ज्येष्ठ. दत्तजयंती डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात. चंद्र शनिवार १२ डिसेंबरच्या निरोपात घेणे. नाताळच्या सुट्टीआधी वह्या गोळा करणे.'